ओठाजवळची रेघ

प्रिय ताई,

आई गेल्यावर भिंतीवर लावायचा तिचा फोटो मी स्टुडिओत स्वतः बसून साफ केला होता. तू तो पाहिलास आणि म्हणालीस, "ही कोण बाई? हिला मी ओळखत नाही." माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं लोकांच्या सुरकुत्या पुसून पोट भरणाऱ्या मला तू शिकवणार? तेव्हापासून आपला अबोला.

आज ज्येष्ठांच्या बसपाससाठी मी माझाच फोटो काढला. सवयीने कॉम्प्युटरवर उघडला, डोळ्यांखालचं काळं पुसलं, कपाळ गुळगुळीत केलं. मग ओठाच्या डाव्या कडेच्या तिरक्या रेघेपाशी आले आणि हात थांबला. हसू दाबताना आईला पडायची, तीच ही रेघ. तिच्या फोटोतून मीच ती पुसली होती, आणि ही बया न विचारता माझ्या तोंडावर येऊन बसली!

मी सगळं होतं तसं परत आणलं. काळंही, कपाळही. खरं सांगू? छान दिसते गं मी. पंचविशीतही इतकी छान दिसत नव्हते. तेव्हा मी कुणासारखीच दिसत नव्हते.

हे पत्र काही पाठवणार नाही. तुझं बरोबर होतं, हे लिहून द्यायला मी अजून तेवढी म्हातारी झालेले नाही. फोटो मात्र उद्या टपालात टाकते. या वेळी ओळखशील. दोघींनाही.

तुझी,
हट्टी धाकटी