कानावरची खूण

१४ सप्टेंबर
आइसलंडच्या प्रजासत्ताकाने नोंद घ्यावी की आज मला दोन्ही गमबूट डाव्या पायाचे देण्यात आले. मी रीतसर निषेध नोंदवला. घरमालकीण साल्वोर म्हणाली, मेंढ्यांनी आजवर तक्रार केलेली नाही.

बाकी सगळं छान. खाडीच्या टोकाला हे एकटं शेत, त्यात ही सत्तरीची एकटी बाई. सिनेमाचं पथक आठवड्याने येईल. तोवर पटकथाकार म्हणजे मी आणि आमचा नायक डागफिन, दोघांनी इथे राहून एकाकीपण अंगात मुरवायचं, असा दिग्दर्शिका स्वालाचा हुकूम आहे. असले तीन सिनेमे मी रेकयाविकच्या कॅफेत बसून लिहिले. वारा, दारू, मुका शेतकरी, खिडकीबाहेर बघणं. परदेशी महोत्सवांत लोक ढसाढसा रडले. साल्वोरने तिन्ही टीव्हीवर पाहिलेत. "तुझ्या सिनेमात कुणी कधी भांडी घासत नाही रे," म्हणाली. "म्हणून त्यांना दुःख करायला वेळ मिळतो."

जेवायला रक्त-चरबी भरून शिवलेलं मेंढीचं पोट होतं, गेल्या वर्षापासून दह्याच्या आंबट पाण्यात मुरलेलं. वर करडी साय थरथरत होती. मी बटाट्यांवर भागवलं. डागफिनने पुन्हा मागून घेतलं. नट आहे शेवटी.

१६ सप्टेंबर
आज डोंगरावरच्या मेंढ्या उतरवल्या. सगळं खोरं मेंढवाड्याच्या कुंपणाशी जमलं होतं. कान चाचपून जो तो आपापली मेंढी ओढून नेतो. उजव्या कानाचं टोक उडवलेलं आणि डाव्याला मागून खाच, ही साल्वोरची खूण. ज्याची खूण त्याचं जनावर. भरकटलं तर शेजारी आणून सोडतात, आभाराचीही वाट बघत नाहीत.

डागफिनला तिथेच साक्षात्कार झाला. ही खूण त्याला स्वतःच्या कानांवर हवी! नायकाचं दुःख कानातून दिसेल, म्हणे. मी म्हटलं, रबरी कान लावू. त्याला खरेपणा हवा होता. साल्वोर सुरी पुसत पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "स्वतःच्या तोंडाने मागतोयस ना? मागाहून माझ्यापुढे रडायचं नाही हां." तो हो म्हणाला, सगळ्या खोऱ्यादेखत. तिने दोनदा सुरी चालवली, झालं.

हसलो फक्त मी.

१८ सप्टेंबर
उजवा कान वांग्याएवढा सुजलाय. साल्वोर त्यावर डांबर आणि लोकरीचा मळ थापते. खालून पिवळं गळतं, उशीला चिकटतं, आणि सकाळी उशी सोलून काढताना जो आवाज येतो तो लिहिण्याजोगा नाही. वासाने माझा नाश्ता बंद आहे. स्वालाला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "अप्रतिम! तसाच ठेवा." चित्रीकरण पुढे ढकललंय. परदेशी पाहुण्यांना पडद्यावर बर्फ हवाय.

२० सप्टेंबर
डागफिनला ताप आहे, घरी जायचंय म्हणतो. दवाखान्यात न्यायला गाडीत घातलं. पुलावर शेजारचा हाफ्लिदी ट्रॅक्टर आडवा घालून उभा. टोपी काढून रामराम केला, खिडकीतून हात आत घातला, कान चाचपला. "अरेच्चा, ही तर साल्वोरकडची!" म्हणाला आणि त्याला काखेत धरून खाली उतरवलं. डागफिन बोंबलत होता. माझी समजूत घातली, "होतं असं. भरकटतात. तुमचा काही दोष नाही हो."

पोलिसाला फोन केला. तो खोऱ्यातलाच निघाला. त्याने आधी खूण कुठली ते विचारलं.

२२ सप्टेंबर
डागफिनला गोठ्यात मेंढ्यांत बांधलंय. कोपरापर्यंत हात घालून पिंपातलं मुरलेलं मेंढीचं पोट ओढतो, शिवण दाताने उसवतो. आंबट पाणी उडून कानाच्या जखमेत. माश्या. आता तो हाकलतही नाही.

परवा खाटीकखान्याचा ट्रक येणार. साल्वोर ओळीने पाठी चाचपत गेली: ही हिवाळ्याला ठेवायची, ही पाठवायची. त्याच्याही पाठीवर हात दाबला. "दिसायला गोड आहे रे, पण चारा कुठून आणू?" आणि पुढे सरकली.

मी पाया पडलो तिच्या. रागावली नाही. म्हणाली, "मग घेऊन जा की, लेखकबुवा. उजव्या कानावर तुझी खूण घाल, की तुझा झाला. मी कशाला अडवू? पण ट्रक यायच्या आत हं." सुरी हातात दिली. एवढंच करायचंय. एक काप.

२३ सप्टेंबर
कान धरला. गरम. आतून मऊ — बोट रुतलं — आत काहीतरी वळवळलं. त्याने स्वतःच मान पुढे केली. काप ना रे, म्हणाला, काप, काप —

ओकलो. त्याच्या मांडीवर.

दुपारी पुन्हा गेलो. नाक बांधून. पुन्हा ओकलो. भीती वाटली असती तर कापला असता. ही भीती नाहीच. नुसती किळस — माझ्या मित्राची —

सुरी साल्वोरला परत दिली. तिने ती धुऊन खुंटीला लावली.

२४ सप्टेंबर
घाटात ट्रक दिसतोय. आता डागफिन काप म्हणत नाही. मी गोठ्याच्या दाराशी उभा राहून लिहितोय, आत वास —

काल हात गारठले म्हणून त्याचे हातमोजे घेतले होते. सकाळी धुतले, चुलीवर वाळवले. आत्ता गव्हाणीच्या कडेवर ठेवले, जोडी लावून. हळूच आभार मानले. घेतलेलं ठेवू नये कुणाचं.

ट्रक आला. हाफ्लिदीने त्याची मागची फळी पाडली. पुढच्या मेंढ्या चढल्या. डागफिन मोजे हुंगतोय — ओळखले असावेत — माझ्याकडे बघतोय — नाही, मोजा तोंडात धरून चाव —