दुसऱ्या वर्षीचे आकडे

प्रिय मयुरी, माझ्या माय,

चार दिवस झाले, तू फोन उचलून नाही राहिली. आई म्हणते, पोरगी कामात असंन. मी हो म्हणतो, पण मन मानत नाही वं. म्हणून दुपारच्या पाळीत, बुटीबोरीले कंपनीच्या गेटवर, केबिनीत बसून लिहून राहिलो. परवा अदितीचा फोन आला होता. मैत्रिणीवर रागावू नको, लय घाबरली होती बिचारी. तिनं सांगितलं, तू सोमवारी शोधनिबंध छापायले धाडणार, अन् त्यातून दुसऱ्या वर्षीचे आकडे गाळणार. काहून, तर रविवारी समाज तुझा सत्कार करणार, तो खोटा ठरू नये म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर तू मले समजावलं होतं. आपल्या आकाशगंगेभोवती खुज्या दीर्घिका, म्हणजे लहानशा तारकानगऱ्या, फिरतात, त्यातली तुझ्या अभ्यासाची तर इतकी अंधुक की मोठ्या दुर्बिणीलेही जेमतेम दिसते. तिथं नवा तारा जन्मत नाही, आहेत ते सारे म्हातारे. मी म्हटलं, म्हणजे आपली विणकरांची गल्लीच की, पोरं गेली बुटीबोरीले अन् मागावर म्हातारेच उरले. किती हसली होती तू! मग सांगितलं, हे म्हातारे लय जोरात पळून राहिले. दिसतात तेवढ्या ताऱ्यायच्याच वजनावर असते, तर कधीचेच पांगले असते. म्हणजे न दिसणारं काही वजन त्यायले धरून आहे. तुझ्या एकतीस ताऱ्यांच्या वेगावरून ते वजन भलतंच मोठं निघालं होतं. अन् तू बजावलं होतं, बाबा, कोणाले सांगू नका, पुढच्या वर्षी तेच तारे परत मोजायचे आहेत.

मी सांगितलं. आधी चहाच्या टपरीवर, मग आपल्या मंडळाच्या अध्यक्षायले, मनोहररावले. त्यायनं पेपरवाल्याले सांगितलं. चौथ्या दिवशी तुझा फोटो छापून आला. मी कात्रण लॅमिनेट करून इथं भिंतीवर लावलं, ट्रकवाल्यायले थांबवून थांबवून दाखवलं. तू एक शब्द रागाचा बोलली नाही. तेव्हाच मले समजायले पाहिजे होतं, तू माझ्या मानासाठी सोसून राहिली.

अदितीचं म्हणणं मी दोनदा विचारून कागदावर उतरवलं. एकतीसातल्या तीन ताऱ्यांचा वेग दुसऱ्या वर्षी वेगळाच निघाला. म्हणजे ते एकटे नाहीत, जोडीनं आहेत, जोडीदाराभोवती गरगरतात. ती गरगर आपण दीर्घिकेतलीच पळापळ समजलो. ते तीन काढले की वजन अर्ध्यावर येते. बरोबर ना? अन् तू तीन तारे काढायच्या ऐवजी पुरं वर्षच काढून राहिली! बापाचं नाक कापलं जाऊ नये म्हणून? अवं, सात वर्षांची होती तू, मागावर माझा धागा तुटला की त्यावर बोट ठेवून उभी राहायची. मी कंटाळलो, गिऱ्हाईकाले दिसत नाही म्हटलं, तरी पुढं विणू देत नव्हती. तेव्हा मले लय राग यायचा.

काल संध्याकाळी नंदनवनच्या हॉलवर मंडळाची मीटिंग होती. मी उभा राहिलो. सांगितलं, सत्कार रद्द करा, मोजणी पुरी झाली नव्हती, पोरीनं मना केलं होतं, मीच बढाई मारली. मनोहरराव तावातावानं बोलले, पत्रिका वाटून झाल्या म्हणे. बोलू दे, सत्कार रद्द झाला. सत्काराची शाल आणून ठेवली होती, ती आईनं तुझ्यासाठी मागून घेतली, दुर्बिणीपाशी थंडी असते म्हणे. इथलं कात्रणही काढलं, भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग तेवढे राहिले. हे सांगायलेच लिहिलं. या कागदाचा फोटो अदितीले धाडतो, ती तुझ्यापुढं धरंन. माझं नाक कापून झालं आहे, बाई, आता वाचवायले काही नाही. दुसऱ्या वर्षीचे आकडे घाल. अन् फोन उचल.

मोबाईल हातात धरून बसलेला,
तुझाच बाबा