माझ्या बाजूने कोण बोलणार?

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (पाठीने रजा घेतल्यामुळे तो खुर्चीतूनच घातला आहे, तरी साष्टांगच समज.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचं घोरणं अजून शेजाऱ्यांपर्यंत पोचतं का? माझी प्रकृती ठीक आहे, फक्त ती माझीच आहे का याबद्दल थोडी शंका आहे. घाबरू नकोस, सगळं सांगतो.

आम्ही दोघं नवरा-बायको वेगळे राहतो हे तुला ठाऊक आहेच. भांडीकुंडी, कपाटं, सगळं वाटून झालं; अडलं ते मुलीपाशी. ती कोणाकडे राहणार यावर एकमत होईना (होत असतं तर वेगळे कशाला झालो असतो?), म्हणून कोर्टाने आम्हाला एका मध्यस्थ बाईंकडे धाडलं. बाई शांत, खोली त्याहून शांत. गालिचा इतका जाड, की आपण आत आलो आणि पावलं बाहेरच राहिली असं वाटतं. मधोमध गोल टेबल, पाण्याचा जग, डोळे पुसायचे कागद. आणि बाईंचा नियम एकच: समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडाने, 'मी' म्हणून सांगायचं. ते त्याला पटलं, तरच आपलं घोडं पुढे दामटायचं.

मला वाटलं, पोरखेळ आहे. पहिल्या दिवशी मी बायकोची अशी नक्कल केली, की तीसुद्धा हसली. दुसऱ्या बैठकीत मात्र तिने न सांगितलेलंही माझ्या तोंडून यायला लागलं. पोरगी तापाने फणफणलेली, मी तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होते आणि हा आत खुशाल झोपला होता, असं मी म्हणाले. (म्हणालो. बघ, झालंच.) आणि आत्या, खांदा खरंच दुखत होता गं. समोर ती माझ्यासारखा घसा खाकरत सांगत होती, की मी झोपलो नव्हतो, नोकरी जाणार हे कळल्यापासून नुसता डोळे मिटून पडायचो. हे मी कोणालाच बोललो नव्हतो. बाई कौतुकाने मान डोलवत होत्या, ती मान मध्येच थांबली.

त्या दिवशी मी घरी निघालो तो तिच्या घराशी पोचलो. दारात उभी राहून पर्समध्ये किल्ली शोधत होते, आणि माझ्याकडे पर्सच नाही! आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणून मी तुला किती चिडवायचो. आता रोज सकाळी आरशात आधी मिशी चाचपून बघते.

भांडण मिटलं असेल म्हणशील, तर तेही नाही, नुसतं उलटं झालंय. मुलगी आईकडेच हवी म्हणून मी हमरीतुमरीवर येते, बापाकडेच हवी म्हणून ती. काल मुलीचा फोन आला. मी हॅलो म्हटल्याबरोबर म्हणाली, "आई, बाबांना दे ना." मी म्हटलं, "देते हं," आणि फोन हातात धरून घरभर त्याला शोधत राहिले. सगळ्या खोल्या पाहिल्या, गॅलरीसुद्धा. पोरगी बिचारी तेवढा वेळ थांबली होती.

बाईंनी आता निक्षून सांगितलंय, की पुढच्या बैठकीत ज्याने त्याने आपापल्या बाजूने बोलायचं, तरच मुलीचा करार लिहिणार. नाहीतर प्रकरण परत कोर्टात. मला माझी मुलगी हवी आहे, आत्या. पण ती मागायला मी तर सापडायला हवा.

काकांना नमस्कार सांग. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा (अजून तरी)
भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. मला लहानाचं मोठं तूच केलंस. माझ्या लहानपणचं असं काहीतरी लिहून पाठव, जे मी बायकोला कधीच सांगितलेलं नसेल. तेवढंच घट्ट धरून बैठकीला जाईन.

ता. क. २. विहिरीत पडलो आणि तू केस धरून वर ओढलंस, ते मात्र नको. ते परवा तिने बाईंच्या खोलीत सांगितलं, वर काढल्यावर तू कानात काय म्हणालीस त्यासकट. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते.