विमान उतरलं, मी नाही

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार (कमरेने परवानगी दिली तेवढाच). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरून चाललेलं तुमचं भांडण, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा.

मी सुखरूप पोचलो. म्हणजे विमान वेळेवर जमिनीला टेकलं, सगळे ताडकन उठून माना वाकड्या करून उभे राहिले, आणि पुढे काहीच झालं नाही. शिडीची गाडी म्हणे बंद पडली. दुसरी शिडी समोरच उभी होती, पण ती दुसऱ्या कंपनीची! (मी उभा जन्म बस चालवली, अक्का. थांबा आला की दार उघडायचं, एवढं एकच शास्त्र मला ठाऊक.) इकडे पोरीला कळा सुरू झाल्या म्हणून पहाटेच दवाखान्यात नेलेलं. तिची आई असती तर मी निवांत बसलो असतो. ती नाही, म्हणून तिच्या वाटणीची घाईही मलाच करावी लागत होती.

शेवटी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. बराच वेळ कानात पेटी वाजवून झाल्यावर एक गोड आवाजाच्या बाई आल्या. म्हटलं, विमान उतरलंय, आता आम्हालाही उतरवा. तर म्हणतात, "सर, आमच्याकडे तुमचं विमान अजून हवेत दिसतंय." म्हटलं, "बाई, मला खिडकीतून गवत दिसतंय!" त्यावर त्या म्हणाल्या, "मग उतरल्यावर पुन्हा फोन करा, सर."

माझ्या शेजारचे वकीलसाहेब हवाईसुंदरीला नोटिशीची धमकी देत होते. ती बिचारी पाणी वाटत हिंडत होती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, शिडी माझ्या हातात असती तर सगळ्यात आधी मीच उतरले असते." मी तिला माझा बिस्किटांचा पुडा दिला.

तेवढ्यात जावयाचा फोन. तो नुसताच 'बाबा, बाबा' करत होता. मी फोन कानात खुपसला, अक्का. मग मागून एक बारीक, रागीट 'ट्यँहा' ऐकू आलं आणि जावई म्हणाला, "मुलगी झाली, बाबा. दोघी छान आहेत."

मी काय ओरडलो ते आठवत नाही, पण त्या हवाईसुंदरीने माइक उचलला आणि सांगितलं, "आपल्या विमानात आत्ताच एक आजोबा झाले आहेत!" काय टाळ्या पडल्या! वकीलसाहेबांनी नोटिशीचा विषय सोडून डोळे पुसले. पुढे शिडी लागली, दार उघडलं, तरी कुणी जागचं हललं नाही. "आधी आजोबा!" म्हणून सगळ्यांनी वाट दिली. जन्मभर मी माणसं उतरवली. मला असं कुणी उतरवलं नव्हतं.

बॅग मात्र भलत्याच शहरी गेली. ("बॅग सुखरूप आहे, फक्त इथे नाही," इति खिडकीवरचा साहेब.) त्यामुळे जावयाच्या ढगळ शर्टात मी नातीला मांडीवर घेतलं. तिने माझं बोट धरलं, ते नर्सबाई ओरडेपर्यंत सोडलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : झाल्या त्रासाबद्दल कंपनीने एक फुकट तिकीट दिलंय. ते मी तुझ्या नावाने काढलं आहे, खिडकीजवळचं. भीती वाटते म्हणू नकोस. हवेत काहीच होत नाही. काय व्हायचं ते उतरल्यावर.

आणखी एक ता. क. : आता खरं सांगतो. बाळ उद्या घरी येतंय. मी आणि जावयाने बाहुलीला आंघोळ घालून सराव केला. बाहुलीचं डोकं निघालं. ये गं अक्का, लवकर ये.