तक्रार आली तरच चालू

४ फेब्रुवारी
नवी नोकरी, आणि टेबल खिडकीजवळ! साहेबांनी चहा पाजला आणि सर्व्हर माझ्या हवाली केला. सर्व्हर कसला, धर्मशाळाच. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती अजून सुरू, आणि ॲडमिनचे अधिकार तर येईल त्याला दिलेले. मी जादा ॲडमिन सगळे उडवले. अडीअडचणीसाठी ठेवलेलं एक राखीव खातं होतं, तेही उडवलं. आता किल्ली एकट्या माझ्याकडे.
घरी फुशारकी मारली, तर लेकीनं, चिमीनं, विचारलं, ती हरवली तर? बायको बराच वेळ हसत होती.

७ फेब्रुवारी
आमच्या धंद्यातली जुनी युक्ती: एखादी गोष्ट कोणाला लागते की नाही हे कळत नसेल, तर सरळ बंद करायची आणि कोण बोंब मारतं ते बघायचं. बोंब आली तर चालू, नाहीतर कायमची सुट्टी. रोज कोण बघत बसणार? मी एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहून सगळं तिच्यावर सोपवलं. तिनं पहिल्या झटक्यात प्रिंटर बंद केला. हिशेबनीसबाई फणफणत आल्या, लगेच चालू झाला. साहेब खूश आहेत.

१२ फेब्रुवारी
स्क्रिप्टनं वॉचमनकाकांचं खातं बंद केलं. हजेरीपुरतंच होतं, कोणी काही बोललं नाही. आज दारात काका नाहीत, त्यांचं स्टूलही नाही. हिशेबनीसबाई म्हणाल्या, आपल्याकडे वॉचमन कधीच नव्हता. परवा याच बाई काकांच्या नातवाच्या तापाची चौकशी करत उभ्या होत्या.
मला हे आवडलेलं नाही.

१३ फेब्रुवारी
काकांचं खातं चालू करायला गेलो. परवानगी नाही. स्क्रिप्टमधून मी स्वतःला वगळलंच नव्हतं. सगळं तीच करत होती, माझे अधिकार पडून होते, म्हणून तिनं तेही काढून घेतले. राखीव खातं मीच उडवलेलं. साहेबांना सांगितलं. सगळं सुरळीत चाललंय ना, मग झालं, म्हणाले.
वायरच उपटायला गेलो. सर्व्हरच्या खोलीचं दार माझं कार्ड घेईना.

१५ फेब्रुवारी
आता माझंही खातं बंद. माझ्या टेबलावर कुंडी ठेवलीय. साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो — ते माझ्यातून खिडकीबाहेर बघत होते. भीती वाटते. फार.

१६ फेब्रुवारी
बायकोनं दोनच ताटं वाढली. मी ओरडलो, घसा बसेपर्यंत. माझी बोंब धरत नाहीत बहुतेक — दुसऱ्या कोणी मारायला हवी. चिमी तेवढी माझ्याकडे सरकून बसली. तिला अजून —

१७ फेब्रुवारी
चिमी शाळेतून आली. बाबा कुठाय, एवढं विचारलं तरी पुरे. एकदाच. विचार ना, बाळा —
दारात थांबलीय. माझ्या चपलांकडे बघतेय. विचारतेय —
या मोठ्या चपला कोणाच्या, असं आईला विचारलं तिनं. ही तक्रारच झाली. हो ना? धरा ना कोणीतरी —
आई म्हणाली, कोणाच्याच नाहीत. चिमीनं त्या उचलल्या, बाहेर ठेव