परतीपुरतं चार्जिंग

सक्करदरा, नागपूर
१० फेब्रुवारी २०२५

चि. वैभवीस अनेक आशीर्वाद.

आपण विजेवरची गाडी घेतली, हे आईनं फोनवर सांगितलंच असेल. फोन तिच्या हातून सुटेपर्यंत माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही, म्हणून पत्र.

पोर्चमध्ये चार्जर बसला. अर्थिंगसाठी मिस्त्रीनं अंगणात खड्डा खणून मीठ आणि कोळसा भरला. आई म्हणाली, मोहरी-हळदही टाका, वर्षभराची सोय होईल.

मुख्य फायदा असा, की एकदा भरलेली गाडी काटोलला तुझ्याकडे येऊन आरामात परत पोचते. रीत तुला ठाऊकच आहे: नातवंडाचं तोंड पाहीपर्यंत लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आता शेवटच्या बसचीही वाट पाहायला नको. रविवारी भिवापूरची मिरची घेऊन येतो.

जावईबापूंना आशीर्वाद.
तुझा बाबा

काटोल
२७ फेब्रुवारी

ती. बाबांना वैभवीचा शि. सा. नमस्कार.

त्या रविवारी आलात, मिरची उतरवलीत, ओसरीवर बसून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायलात आणि पंचवीस मिनिटांत निघालात. बसनं यायचात तेव्हा निदान दोन तास थांबायचात. ही प्रगती मला सोसवत नाही.

म्हणून आम्हीही ओसरीशेजारी चार्जर बसवला. मिस्त्रीनं तीनदा विचारलं, गाडी कुठे आहे. सौरवनं सांगितलं, सासऱ्यांकडे. शेजारच्या सिंधूताई रोज विचारतात, घरी फटफटी आन् हा डबा काहून लावला वं म्हणून. तुमची गाडी सहा तास लावा. हवं तर उपाशी बसा, पण बसा.

लोभ आहे, तो थोडं थांबूनही दाखवावा.
वैभवी

सक्करदरा
४ मार्च

चि. वैभवीस आशीर्वाद.

प्रश्न असा, की वीज हे अन्न आहे का. वामनराव गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, पोथीत विजेचा विषय नाही गा मधुकरराव, पण पोटात गेल्यावर चालाची ताकद येते तं अन्नच समजा. तेव्हा रीत गाडीलाही लागू.

राग मानू नकोस. माझ्या आईच्या वडिलांनीसुद्धा मी जन्मल्यावरच तिच्या सासरी पहिला घास घेतला. आज ना उद्या माझीही पाळी येईल, तेव्हा पोटभर जेवेन.

तुझा बाबा

काटोल
१० मार्च

ती. बाबा, शि. सा. न.

हे फोनवर बोलता येईना. आईला ठाऊक आहे. तुम्हाला सांगू नको असं मीच म्हटलं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली. दिवाळीनंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मूल होणार नाही. मी आणि सौरव खूप रडलो. आता बरे आहोत.

पण मग तुमची पाळी कधीच यायची नाही. मूल नाही, हे दुःख आहेच. माझा बाप जन्मभर माझ्या हातचं जेवणार नाही, हे त्यावर आणखी नको.

चार्जरवर धूळ बसते. मी रोज पुसते.

तुमची वैभवी

सक्करदरा
१८ मार्च

चि. वैभवीस,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. कुणाचं पत्र, हे आईनं विचारलंही नाही.

गुरुजींना या खेपेस काही विचारलेलं नाही.

येत्या रविवारी, २३ तारखेला सकाळी आम्ही दोघं येतो. शनिवारी गाडी चार्जिंगला लावणार नाही. काटोल गाठेल, परतीपुरतं उरणार नाही, असं बघून ठेवलं आहे. ती तुझ्या दारात सहा तास जेवणार आणि मी उपाशी बसणार, हे सिंधूताईंना बरं दिसणार नाही. वांग्याची भाजी कर, तीच मिरची घालून. भाकरी मला तव्यावरची गरम लागते, हे विसरली नसशील.

नऊ वर्षं उशीर झाला, तेवढा पोटात घाल.

तुझा बाबा

ता. क. पाण्याची बाटली आणत नाही.