मागच्या आंगणातला कॅसरोल

८ एप्रिल, मंगळवार

ईशान आजही अर्ध्या पोळीवर उठला. वांग्याची भाजी ताटात जशीच्या तशी. वहिनी म्हणाली, "लय नखरे करून राहिला हा पोरगा." ताट मीच उचललं, भाजी मीच खाल्ली. तीन वर्षं झाली आम्हा मायलेकरांना दादाच्या घरी येऊन, अजून याच्या जिभेला इथलं अन्न लागत नाही. दोष अर्थातच माझा.

संध्याकाळी कूलरसमोर बसवून विचारलं, काय खावंसं वाटतं ते सांग, मी करते.

म्हणाला, "ते ट्यूना-नूडल्सचं. कॅसरोल. बाबा करायचा ते."

बाबा करायचा. उठून पाणी प्यायले. दोन ग्लास.

९ एप्रिल, बुधवार

स.चा मेसेज. नवरा होता तेव्हाही असंच लिहायचा, ऑफिसातल्या माणसाला लिहावं तसं. "ईशानला २ मे रोजी तेरा पूर्ण. ठरल्याप्रमाणे त्याला विचारावं. इकडची शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते, मला आधी कळलं तर बरं."

ठरल्याप्रमाणे म्हणजे, तेरा पूर्ण झाले की पोरगा स्वतः सांगणार, आईकडे नागपूरला राहायचं की बापाकडे अमेरिकेत. सही केली तेव्हा तो दहाचा होता. वकील म्हणाले होते, तोवर रुळेल हो तुमचा मुलगा.

त्याने जाऊ नये. इथे लिहिते, कारण त्याच्यासमोर म्हटलं तर दडपण आणलं असं होतं. आणि तो मला विचारतही नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

वाडीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दिवसभर बिल्ट्या. बाहेर ट्रकांची रांग, आत पंखा गरम हवा फिरवतोय. एम.एस्सी. केलेली बाई मालाच्या पावत्या फाडते. असो.

डोक्यात दिवसभर तेच. बाबा करायचा म्हणे! ते कॅसरोल मी शिकले, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या ओट्याशी उभी राहून. कशासाठी? तर स.ने डब्यात मेथीची भाजी नेली की ऑफिसात लोक बघतात म्हणून. मला तिथे नोकरी करायची परवानगी नव्हती, कॅसरोल करायची होती. नूडल्स उकडायच्या, मशरूमचं दाटसर सूप, डब्यातला ट्यूना, मटार, चीज, वर ब्रेडचा चुरा, आणि ओव्हनमध्ये. दर गुरुवारी. ईशान उंच खुर्चीत बसून चमचा आपटायचा तेव्हापासून.

मग इकडे आई आजारी पडली, मी सहा-सात महिने नागपूरला, ईशान तिकडेच बापाजवळ. फोनवर स.ला मीच सांगितलं कसं करायचं ते, दोनदा. त्याच्याकडे ब्रेडचा चुरा नव्हता, म्हणून त्याने बटाट्याचे वेफर्स चुरून घातले. झालं. तेवढ्या वेफर्सवर पदार्थ त्याचा झाला. आई गेली, मी परत गेले, तर कॅसरोलसारखाच संसारही दुसऱ्या कुणीतरी आपला करून घेतलेला. पण तो विषय नको.

१२ एप्रिल, शनिवार

वहिनीला ओव्हन मागितला.

आधी म्हणाली, "कॅसरोल तं आहे ना आपल्याकडे, पोळ्यांचा." समजावून सांगितलं तसा चेहरा उतरला. "मच्छी? माझ्या ओव्हनमध्ये?"

वहिनी घरी बिनअंड्याचे केक करते. सगळी गिऱ्हाइकं पक्की शाकाहारी. त्यातल्या दोघी आधी स्वयंपाकघर बघून गेल्या आणि मगच ऑर्डर दिली. "वास बसला तं निघत नाही मंजूताई. एकीले जरी समजलं तं माझं दुकान बंद. अन् आपल्या घरातले पण शिजवतात का आत? तुम्हाले माहीत नाही का?"

माहीत आहे. या घरात मटण-मासोळी मागच्या आंगणात, चुलीवर, वेगळ्या भांड्यांत. सोमवार-गुरुवार-शनिवार तेही नाही. आई होती तेव्हापासूनचं आहे, वहिनीने काही नवीन काढलेलं नाही.

ती बरोबर आहे, आणि म्हणूनच जास्त चिडले. चुकीच्या माणसाशी निदान भांडता येतं. दादा पेपरामागे. पेपर सकाळी वाचून झालेला.

१६ एप्रिल, बुधवार

ऑफिसातून घरी न येता सदरच्या बाजारात गेले, ट्यूनासाठी. त्रेचाळीस डिग्री, तोंडाला स्कार्फ, हातमोजे, दरोडेखोरासारखी. पहिल्या दुकानात मसालेदार ट्यूना. दुसऱ्यात दुकानदाराने स्टुलावर चढून डबा काढला, धूळ पुसली आणि विचारलं, "मांजर पाळली का मॅडम?"

म्हटलं, पोरगा पाळलाय.

हसला नाही. दोन डबे घेतले. मशरूमचं सूप डब्यातलं नाहीच, मैदा-दुधाचं करीन. नूडल्स हक्का. वेफर्स... हो, वेफर्सही घेतले. ब्रेडच्या चुऱ्याने त्याला ते 'ते' वाटणार नाही. म्हणजे माझ्याच पदार्थाची स.ने केलेली नक्कल मी करणार. वा.

१८ एप्रिल, शुक्रवार

बट्ट्याबोळ.

चुलीवर, मटणाच्या पातेल्यात. झाकण ठेवलं, मंद जाळ केला. खालून लागलं, मधे लगदा, वरचे वेफर्स वाफेने ओले चिंब. आबा आंगणात खाटेवर बसून सगळं बघत होते. माझे वडील बघतात फार, बोलतात कमी. ईशान चमचा घेऊन आला. घास घेतला. चेहऱ्यावर आणू नये म्हणून धडपडला, ते जास्त लागलं.

"आई, ही खीर झाली. वर कुरकुरीत पाहिजे ना. बाबाचं कुरकुरीत असतं."

"मग जा बाबाकडे," म्हणाले.

निघून गेलं तोंडातून. त्याने चमचा मोरीवर नीट विसळून ठेवला आणि आत गेला. इतका समजूतदार नसता तर बरं झालं असतं.

१९ एप्रिल, शनिवार

ईशान माझ्याशी बोलतो, पण पाहुण्याशी बोलावं तसं. "थँक्यू आई." "चालेल आई." बापाशी मात्र पाऊण तास फोन, दार लावून. मी वाळलेल्या कपड्यांच्या दोनदा घड्या केल्या.

२० एप्रिल, रविवार

दादाने चुलीवर मटण केलं. ईशानने रस्सा बाजूला सारून नुसता भात खाल्ला.

दुपारी आबा खाटेवरून म्हणाले, "त्या दिशी काय करून राहिली होती वं ते पांढरं?"

सांगितलं.

"मासोळी? डब्यातली? मरून किती दिवस झाले असतीन इले?" मग बराच वेळ अडकित्ता चालवत बसले. "तू खालून जाळ देऊन राहिली होती अन् वरून काहीच नाई. वरून आर नाई तं ते कडक होईन कसं? रोडगे कसे होतात आपले?"

मी बघतच राहिले. आमच्या गावी, नरखेडकडे, रोडग्यांचं जेवण असलं की गोवऱ्यांच्या आराला, म्हणजे निखाऱ्यांना, आबांशिवाय कुणी हात लावायचं नाही. कणकेचे गोळे निखाऱ्यांत पुरायचे, कोणता कधी उलटायचा ते आबा नुसत्या वासावरून सांगायचे. माझ्या हे डोक्यातच आलं नाही. ओव्हन नाही म्हणजे नाहीच, असं धरून बसले होते.

"तवा ठेव पातेल्यावर. तव्यावर आर. मी करतो. तुले नाई जमत."

शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं.

२४ एप्रिल, गुरुवार

तलावाकडच्या गवळ्याकडून गोवऱ्या आणल्या, स्कूटीवर पुढे पोतं ठेवून. दादाने विचारलं, "कशाले?" म्हटलं, आबांना रोडगे खायचेत. खरं सांगायचा कंटाळा आला.

स.चा पुन्हा मेसेज. "त्याच्याशी बोललीस का?" नाही बोलले. काय बोलू? राजा, तू कुणाचा, असं?

२७ एप्रिल, रविवार

जमलं. आणि जमायला नको होतं असं आता वाटतंय. नीट लिहिते.

ऊन उतरल्यावर सुरुवात. नूडल्स थोड्या कच्च्याच काढल्या. मैदा लोण्यात परतला, दूध, मशरूम, मटार, चीज, मग ट्यूना पिळून. पातेल्यात थापलं, वर वेफर्सचा चुरा. आबांनी गोवऱ्या केव्हाच पेटवून ठेवल्या होत्या, धूर सरून लाल निखारे झाले तेव्हा पातेलं मागितलं. खाली थोडे निखारे, वर उपडा तवा, त्यावर भरपूर. ईशान उकिडवा बसून बघत होता. आबा त्याला म्हणाले, "जवळ येऊ नोको, पापण्या जळतीन." तो हसला. किती दिवसांनी.

मधेच आबांनी तवा उचलला आणि वाटीभर तूप वरून सोडलं. मी ओरडले, अहो आबा, त्यात तूप नसतं. आबा म्हणाले, "आर लावला अन् तूप नाई, असं कुठं असते का?" तवा पुन्हा ठेवून दिला. संपलं. म्हटलं, गेलं हेही.

उघडलं तर वरचा थर तांबूस, खमंग, चमच्याने टकटक वाजवला तर वाजला.

ईशानने तीनदा घेतलं. दादानेही. वहिनी आधी नको नको म्हणत होती, मग बशीत घेऊन उभ्याउभ्या खाल्लं. आबांनी एक घास घेऊन "बिमारीतलं अन्न आहे" म्हटलं आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा घेतला. क्षणभर सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळले होते आणि मला वाटलं, राहील हा. इथेच राहील.

मग ईशान म्हणाला, "हे एक्झॅक्टली बाबासारखं आहे."

धरून ठेवलं होतं ते सुटलं. सगळ्यांसमोर. म्हटलं, "बाबासारखं नाही. हे माझं आहे. तुझ्या बाबाला मी शिकवलं, फोनवर, दोनदा. तू चालायलाही लागला नव्हतास तेव्हापासून मी करत होते हे, दर गुरुवारी."

ईशानने माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही. खरंच कळत नसल्यासारखं.

"मग इथे का नाही केलंस? तीन वर्षं?"

दादा हात धुवायला गेला. वहिनी बशीत बघत राहिली. मी सांगू शकले असते: ओव्हन माझा नाही, ओटा माझा नाही, वार माझे नाहीत, या घरात मी मागून घेऊन राहते रे. पण वहिनीसमोर ते कसं म्हणणार? आणि ते पुरेसं तरी होतं का? गोवऱ्या तर गवळ्याकडे तीन वर्षांपूर्वीही होत्या.

म्हटलं, "सुचलं नाही."

तो "ओके" म्हणाला.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी वहिनी केकवर क्रीम फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागे शेडमध्ये छोटा ओव्हन ठेवला तं मले काही प्रॉब्लेम नाही मंजूताई. तुमच्यासाठी वेगळा. मागायचं होतं ना आधीच."

मनापासून म्हणाली, कळत होतं. मलाच तिचा चांगुलपणा नको होता. "बघू" म्हटलं आणि वाडीला निघाले. हेल्मेटच्या आत रडायची चांगली सोय असते, कुणाला काही दिसत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

घरी आले तर ईशान मागच्या आंगणात. पातेलं घासून ठेवलेलं, गोवऱ्या मांडलेल्या, त्याही बऱ्याच बरोबर. ट्यूनाचे डबे आणायला दादाबरोबर सदरला जाऊन आला म्हणे.

"आई, मला शिकव. पूर्ण. तू हात लावू नकोस, नुसतं सांग."

विचारलं, "बाबा करून देतो ना तुला? त्याचं तर फेमस आहे." आवाजातला खवटपणा मलाच ऐकू आला.

म्हणाला, "तो आता नाही करत. आता ते बाहेरून मागवतात." मग थोडं थांबून, "तो म्हणाला, आईला विचार. तिला येतं."

ओढणी कमरेला खोचली आणि समोर पाट घेऊन बसले. मैदा जळू देऊ नको. दूध एकदम ओतू नको. आता ढवळ, थांबू नको. त्याने सगळं केलं. मशरूम फार जाड चिरले, ते चालतं. आबांनी खाटेवरून दोनदा "आर वाढव, आर वाढव" म्हटलं. तूप त्याने स्वतःहून घातलं.

वरचा थर एका बाजूने करपला. उरलेलं चांगलं झालं. पहिला चमचा त्याने मला दिला आणि मी गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"जमलं मला?"

"जमलं."

"म्हणजे आता मी कुठेही करू शकतो."

शुक्रवारी २ मे. स.चा फोन येणार, त्याला विचारणार. मी पातेल्याला लागलेलं खरवडत राहिले. ईशान शेजारी बसून निखाऱ्यांवर पाणी शिंपडत होता, आबांनी सांगितलं तसं, थोडं थोडं. कुठे करणार आहेस, हे मी त्याला विचारलं नाही.